शेवटच्या निवाड्यातल्या चिपळ्या

१

ऋषीला मोती तलावातून बाहेर काढलं, त्याच्या आधीच सगळ्या जालन्याला त्याच्या मरणाचं कारण माहीत झालं होतं. ते त्यानं स्वतःच सांगून ठेवलं होतं. फोनवर, उभ्या जगाला.

सव्वीस वर्षांचा पोरगा. व्हिडिओ गेमचे निवाडे करायचा. नवा गेम आला की तो शेवटापर्यंत खेळायचा, आणि मग जुन्या जालन्यातल्या आपल्या घरात, बाप कीर्तनाला उभा राहायचा तसा उभा राहून त्यावर बोलायचा. खांद्यावर बापाचं उपरणं, हातात बापाच्या चिपळ्या. बाप म्हणजे जगन्नाथबुवा, नारदीय कीर्तनातलं मोठं नाव. पोरानं बापाची गादी सोडून हे काय पोरखेळ मांडले, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली होती. पण ज्यांनी कान देऊन ऐकलं त्यांची नाकं सरळ झाली.

"या गेममध्ये तीनशे माणसं मारायची आहेत," एका बंदुकीच्या गेमबद्दल तो म्हणाला होता. "मारतो आपण, काही अवघड नाही. पण एकाही मेलेल्यापाशी हा गेम आपल्याला थांबू देत नाही. जिथं मेलेल्यासाठी थांबायला जागा नाही, तिथं तुमच्या लेकराला मी जा म्हणणार नाही." मग चिपळ्या. चिपळ्या वाजल्या की निवाडा संपला, हे हजारो पोरांना पाठ झालं होतं.

शेवटचा निवाडा मात्र त्याचा स्वतःचाच होता. चित्र नाही, नुसता काळा पडदा आणि आवाज.

"आज बाबांची पुण्यतिथी. आज खोटं बोलवत नाही. मी निवाडे विकले. बड्यांचे गेम उचलले, गरिबांचे पाडले. तुमचा विश्वास खाल्ला. आता हा माझाच निवाडा. माझा खेळ संपला." आणि चिपळ्या.

टेंभुर्णीचे भुजंगराव तिसऱ्या दिवशी भेटायला आले. निवृत्त फौजदार, अंगानं आडवे, बोलायला जडशीळ. पण कीर्तनाचं म्हणाल तर या माणसानं जगन्नाथबुवांच्या मागं उभं राहून वीस वर्षं झांज धरलेली. आख्यान लागलं की डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांच्या खांद्याच्या पिशवीत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते परत द्यायचं होतं आणि हात होत नव्हता.

घरात सुमित चहा फिरवत होता. ऋषीचा जोडीदार, ऋषी बोलायचा आणि सुमित ते कापून-जोडून लोकांपुढं ठेवायचा. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "मावशी, दोन घोट तरी घ्या," असं म्हणत तो ऋषीच्या आईपुढं, कौसल्याबाईंपुढं, बसला होता.

"भुजंगराव," कौसल्याबाई म्हणाल्या, "मला एकच सांगा. माझ्या पोरानं जीव दिला का? अन् दिला असेल तर खोटं वागून दिला का? लोक येतात, बसतात, अन् जाताना पायरीवर कुजबुजतात. म्हणे बुवाच्या पोटी हे निपजलं."

"वहिनी, ते त्याचं शेवटचं तुम्ही ऐकलं का?"

"नाही धजावले. तो तरी कुठं स्वतःचं ऐकायचा? ह्यांचीच शिकवण. आपलं कीर्तन आपण ऐकू नये. स्वतःच्या आवाजावर भाळला तो गेला. निवाडा बोलला की पाठवून द्यायचा, पुन्हा मागं वळून बघायचा नाही."

"मंग आपुन दोघं ऐकू."

सुमित चहाच्या कपबश्या घेऊन आत गेला होता. भुजंगरावांनी फोन लावला. ऋषीचा आवाज खोलीत आला आणि आईनं पदर तोंडात कोंबला. आवाज बोलत गेला, थांबला. मग चिपळ्या वाजल्या. त्यातल्या एका चिपळीची एक झांज निखळलेली. तिचा बोदा, खोकल्यासारखा नाद हजारांत ओळखू यावा.

भुजंगरावांचा हात आपोआप पिशवीकडं गेला. कौसल्याबाईंचे डोळेही तिकडंच गेले होते.

पिशवीत त्याच चिपळ्या होत्या. बुवांच्या पुण्यतिथीच्या कीर्तनासाठी भुजंगरावांनीच त्या आदल्या दिवशी ऋषीकडून मागून नेल्या होत्या. ज्या रात्री हा निवाडा बोलला गेला, त्या रात्री त्या टेंभुर्णीच्या देवळात वाजत होत्या.

२

"कुणापाशी बोलू नका, वहिनी," एवढंच म्हणून भुजंगराव उठले. चिपळ्या तशाच पिशवीत घेऊन गेले.

आधी केदारखेड्याला. कारण कुजबुज करणारे दुसरंही एक नाव घेत होते, कल्याणचं. कल्याण शेतकऱ्याचा पोरगा, पुण्यात शिकून गावी परतलेला. दोन वर्षं खपून त्यानं 'आड' नावाचा गेम बनवला. कोरड्या आडात भावाला हाका मारत उतरणारी एक मुलगी, एवढीच त्याची गोष्ट. ऋषीनं निवाड्यात तो गेम पाडला. मग कल्याण ऋषीच्या दारात जाऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला होता.

कल्याणच्या आईनं, उषाबाईनं, ओसरीवर सतरंजी टाकली. "पोलीस म्हणून आलेत का टाळकरी म्हणून?"

"टाळकरी म्हणूनच समजा."

"मंग बसा. पोलिसाला उभंच ठेवलं असतं."

कल्याण खांबाला टेकून उभा होता. दाढी वाढलेली. "मी गेल्तो, काका. खोटं कशाला बोलू? लई बोललो मी त्याला. म्हणलं, तुझ्या बापानं लोकायला रडवलं ते देवासाठी, तू कुणासाठी रडवून राह्यला?"

"त्यो काय म्हणला?"

"माझ्याकडं बघूनच राह्यला. म्हणतो, 'कल्याण, मी तर तुझ्या गेमची वाहवा केली रे.' मला वाटलं नाटकं करून राह्यलाय. मी फोन त्याच्या नाकापुढं धरला, म्हणलं ऐक, कोणत्या तोंडानं काय बोललास ते. तर म्हणतो, मी माझं ऐकत न्हाई."

"मंग?"

"मी बळजबरी ऐकवलं." कल्याणचा आवाज खाली आला. "ऐकता ऐकता तो उंबऱ्यावर बसला, काका. एकदम म्हाताऱ्यावानी. म्हणला, 'हे मीच बोललोय, पण हे मी बोललो न्हाई.' तवा मी हसलो त्याला. आठ दिवसांत मेला तो."

"पुण्यतिथीच्या रात्री तू कुठं व्हतास?"

उषाबाईच बोलली. "टेंभुर्णीला, तुमच्याच कीर्तनात! मीच वढून आणल्तं. म्हणलं, डोकं थंड व्हईल. तर ह्यानं तिथं बी दिवे लावले."

भुजंगरावांना ते आठवलं. कीर्तन संपल्यावर लोक एकेक करून बुवांच्या चिपळ्या कपाळाला लावत होते. रांगेत हा पोरगाही होता. चिपळ्या हातात घेऊन मोठ्यानं म्हणाला होता, "बापाच्या चिपळ्या खरं बोलत्यात, लेकाचं तोंडच तेवढं लबाड."

म्हणजे त्या रात्री चिपळ्या कुठं आहेत ते या पोराला पक्कं ठाऊक होतं. खोटा निवाडा यानं रचला असता, तर त्यात चिपळ्या वाजवायची चूक त्यानं केलीच नसती.

"जीव लागला व्हता त्याच्या बोलण्यावर," कल्याण म्हणाला. "म्हणून तर इतका राग आला."

३

निवाडा खोटा, हे कळलं. पण आवाज तर ऋषीचाच होता. मेलेल्या माणसाचा आवाज कुणी उसना कसा घेतो, हे भुजंगरावांना कळेना. ते विचारायला ते आकांक्षाकडं गेले.

आकांक्षाही गेमवर बोलायची, नव्या जालन्यात बसून. तिची आणि ऋषीची उघड भांडणं. त्यानं तिच्या निवाड्यांना 'वरणाशिवायची फोडणी' म्हटलं होतं. तिनं त्याला भर व्हिडिओत विकाऊ म्हटलं होतं.

"हो, मी म्हटलं होतं," ती म्हणाली. "आता लोक मला शाबासकी देतात, काका. 'तू आधीच ओळखलंस.' जेवण जात नाही मला."

"असा आवाज बनवता येतो का, बाळा?"

"येतो. माणसाचं तासभर बोलणं संगणकाला ऐकवायचं, मग आपण लिहू ते तो त्याच आवाजात बोलतो. त्याचे तर ढीगभर व्हिडिओ पडलेत. मीसुद्धा करू शकले असते." मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. "तुम्ही माझ्यावर संशय घेऊन आलात का?"

"आलो व्हतो," भुजंगराव म्हणाले. "पण तू त्याला विकाऊ का म्हणली, ते आधी सांग."

"त्याचे सगळेच नाही, पण काही निवाडे मधेच उडी मारायचे. म्हणजे वाक्य एका चालीवर निघायचं, शेवटाला पोचायच्या आत चिपळ्या. कीर्तनकाराच्या घरचा माणूस समेवर यायला चुकतो का? मला वाटलं, मनात पाप आहे म्हणून अडखळतो." तिनं कल्याणच्या गेमचा निवाडा लावला.

"या गेममध्ये वेग नाही," ऋषी सांगत होता. "झुंज नाही. कुणाला हरवायचं नाही. आडाच्या तळाशी खेळणारा नुसता उभा राहतो..." चिपळ्या.

भुजंगरावांनी डोळे मिटले. वीस वर्षं त्यांनी बापाच्या मागं उभं राहून अशी वाक्यं झेलली होती. असं 'नाही, नाही, नाही' करत बुवा चढत जायचे ते पुढच्या 'पण'साठी. 'नाही'वर आणून श्रोत्याला सोडून देणारा त्या घरात जन्मायचा नव्हता. इथं 'पण' कुणीतरी कापून नेला होता.

"आता ते शेवटचं लाव. अन् ते कानाला लावायचं दे, माझे कान जुने झालेत."

तिनं मोठे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. आवाज इतका जवळ आला की पोरगं कानाशी उभं आहे असं वाटावं. माझा खेळ संपला. चिपळ्या. बोदा नाद विरत गेला.

त्या विरण्याच्या खाली, लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं कुणीतरी बोललं.

भुजंगरावांनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. चौथ्यांदा त्यांच्या अंगावर काटा आला. तो बाईचा आवाज होता.

"याच्या बाकी निवाड्यांत असं कुणी बोलतं का?"

आकांक्षानं स्वतः ऐकलं. तिचा चेहरा उतरला. "नाही, काका. एकाही नाही. कोण आहे ही?"

४

"वहिनी, तो निवाडा बोलायचा तवा तुमी कुठं असायच्या?"

"स्वयंपाकघरात. भिंतीआडून मी सगळे निवाडे ऐकले, माझा तेवढाच सत्संग. मी ताटाला हात लावायची नाही, भांडं वाजेल म्हणून."

"अन् संपल्यावर?"

कौसल्याबाई ओशाळल्यागत झाल्या. "चिपळ्या वाजल्या की विचारायची, 'झालं का रे, बाळा?' जेवायला वाढायचं असायचं ना. सुमितला त्याचा वैताग. म्हणायचा, मावशी, दर वेळेला तुमचा आवाज येतो, मला कापत बसावं लागतं."

भुजंगरावांनी पिशवीतल्या चिपळ्या चाचपल्या.

"पुण्यतिथीच्या रात्री तुमी टेंभुर्णीला व्हत्या."

"होते की, तुमच्या समोर. 'आई, तू हो पुढं, माझं एकाशी बोलणं राहिलंय,' म्हणाला. 'मागून येतो.' मी त्याच्यासाठी प्रसाद बांधून आणला होता, भुजंगराव."

"सुमितनं त्याच्या आधी कवा घरात पाय ठेवला व्हता?"

"कल्याण ओरडून गेला तेव्हापासून तो फिरकलाच नव्हता. ऋषीला विचारलं, तर म्हणाला, त्याला वेळ देतोय."

"कशाला वेळ?"

"ते नाही बोलला. म्हणाला, कबूल करायला माणसाला आठ दिवस लागतात."

५

दिवसकार्य झालं. चौदाव्या दिवशी भुजंगरावांनी सगळ्यांना घरी बोलावलं. कल्याण आला, आकांक्षा आली. सुमित तर घरचाच. त्यानंच सतरंज्या टाकल्या. मागं बायकांत एक अनोळखी बाई पदर घेऊन बसली होती.

भुजंगराव उभे राहिले. खांद्यावर ऋषीचं उपरणं.

"जन्मभर ऐकणारा माणूस मी," ते म्हणाले. "आज बुवांच्या जागी उभा राह्यलो, माफी असावी. पूर्वरंग थोडक्यात सांगतो. या पोरानं निवाडे विकले, असं त्याच्याच आवाजात जगानं ऐकलं. पाप घडलं हे खरंय. वाक्यं कापली गेली. आकांक्षानं जुने निवाडे तपासले; पुण्याच्या एका बड्या कंपनीचे गेम वर चढले, अन् कल्याणसारख्यांचे पडले. पण जो बोलला त्यानं कापलं न्हाई. त्यानं ऐकलं सुदिक न्हाई. बापाची शिकवण पाळली, अन् तिथंच घात झाला."

"काका, आता हे कशाला?" सुमित म्हणाला. "मावशीला त्रास होतो."

"होऊ दे," कौसल्याबाई म्हणाल्या.

"आता उत्तररंग." भुजंगरावांनी पिशवीतून चिपळ्या काढल्या आणि एकदाच वाजवल्या. बोदा नाद खोलीभर फिरला. "शेवटच्या निवाड्यात ह्या वाजल्या. त्या रात्री ह्या माझ्या हातात, टेंभुर्णीला. म्हणजे निवाडा बनावट. कुणी बनवला? कल्याणनं न्हाई, त्यानं त्याच रात्री ह्या कपाळाला लावल्या, त्याला ठावं व्हतं. ज्याला ठावं नव्हतं, जो आठ दिवस या घरात आलाच नव्हता, त्यानं सवयीनं शेवटाला जुन्या निवाड्यातल्या चिपळ्या जोडल्या."

सुमितनं आकांक्षाकडं बोट केलं. "हिला तरी कुठं माहीत होतं? वैरीण ही त्याची! आवाज बनवायला हिलाच येतो."

"बराबर," भुजंगराव म्हणाले. "मी बी तसंच म्हणलो. म्हणून आणखी एकदा ऐकू."

आकांक्षानं स्पीकर लावला, आवाज पूर्ण सोडला. काळा पडदा बोलला. चिपळ्या वाजल्या. आणि त्या विरताना, भिंतीआडून, स्पष्ट:

"झालं का रे, बा..."

तिथंच तुटलं.

बायकांत कुणीतरी हुंदका दिला. कौसल्याबाईंनी स्पीकरकडं पाहिलं. स्वतःचाच आवाज, आणि त्या रात्री त्या या घरात नव्हत्या.

"लोकायपुढं गेलेल्या एकाही निवाड्यात ही हाक न्हाई," भुजंगराव म्हणाले. "आकांक्षापाशी तेवढेच निवाडे. न कापलेलं मूळ बोलणं एकाच माणसाकडं यायचं. सुमित, तू दर वेळेला ही माय खुडून टाकत व्हतास. इतक्यांदा खुडली की तुझ्या कानाला ती ऐकूच येईना. त्या रात्री घाई झाली असेल. तुझ्याकडून ती राहून गेली, बाबा."

सुमित हसायला गेला, ते त्याला साधलं नाही.

"मला नोकरी देणार होते ते पुण्याचे," तो कुणाकडंच न बघता बोलू लागला. "मोठ्या ऑफिसात. म्हणाले, तुमच्या चॅनलचं जरा आमच्या बाजूनं राहू द्या. मी काय खोटं घातलं? त्याचेच शब्द. फक्त थोडे कमी केले." मग आवाज चिरकला. "त्यानं मला तलावावर बोलावलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं! म्हणाला, तू स्वतः व्हिडिओत सांग, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. शेजारी उभा राहतो म्हणे! मी ढकललं. नुसतं ढकललं. त्याला पोहता येत नाही, हे मला..."

"ठावं व्हतं," भुजंगराव म्हणाले.

"त्यानं हात वर केला होता."

मागची अनोळखी बाई उठली. वंदना, शहरातल्या ठाण्याची फौजदार; एके काळी भुजंगरावांच्या हाताखाली शिकलेली. तिनं सुमितच्या दंडाला धरलं. दारातून जाताना तो वळला. "मावशी," म्हणाला. कौसल्याबाईंनी मान वर केली नाही.

६

सुमितच्या संगणकात सगळे मूळ निवाडे होते. तपास पुरा झाल्यावर वंदनानं त्यातला एक आणून दिला, 'आड'चा. कल्याण दाराशी उभा राहिला, आत यायला तयार होईना. "मी हसल्तो त्याला, काकू," एवढंच म्हणत होता.

"आत ये," कौसल्याबाई म्हणाल्या. "तुझ्याच गेमचं आहे ते. इथं बस, माझ्यापाशी."

पडद्यावर ऋषी उभा होता, उपरणं सावरत.

"या गेममध्ये वेग नाही. झुंज नाही. कुणाला हरवायचं नाही. आडाच्या तळाशी खेळणारा नुसता उभा राहतो. पण मित्रांनो, असं उभं राहून बघा. बटण दाबू नका. घाई केली तर आड मुका राहतो. थांबलात, तर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची हाक वर येते. मी आजवर एवढे गेम खेळलो, मेलेल्यासाठी थांबायला जागा देणारा हा पहिला. केदारखेड्याच्या कल्याणनं तो केलाय. त्याला माझा दंडवत."

कल्याणनं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं.

पडद्यावर चिपळ्या वाजल्या. बोदा नाद विरत गेला, आणि भिंतीआडून आवाज आला, "झालं का रे, बाळा?"

या वेळी कुणी कापलं नव्हतं. ऋषी स्वयंपाकघराच्या दिशेनं वळला, हसला.

"झालं, आई. वाढ."

कौसल्याबाई उठल्या. भुजंगरावांना वाटलं, आता कोसळतात. पण त्या पदरानं डोळे पुसत सरळ आत गेल्या आणि ताटं मांडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, "कल्याण, हात धुऊन घे. भुजंगराव, तुम्हीपण."

भुजंगरावांनी चिपळ्या कपाळाला लावल्या आणि बुवांच्या तसबिरीखाली, ऋषीच्या उपरण्यावर ठेवल्या. हलकेच ठेवल्या, तरी एकदा वाजल्याच.